पोलादपूरच्या दवाखान्यातली दुर्बीण

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात दुर्बीण आली, तेव्हा आमच्या कापडे गावातल्या बायकांनी बाजाराला जायची वाट बदलली. दवाखान्यावरून जाणारी सरळ वाट सोडून नदीकडून वळसा घालायचा. का, तर ती दुर्बीण खिडकीशी ठेवलेली असते, आणि तिच्या नजरेला आपण पडायला नको.

"पोटातलं समदं दिसतं म्हणे तिच्यातनं," एक म्हणाली.

"पोटात काय दिसायचंय? भाकर नि मिरची," दुसरी म्हणाली. "मनातलं दिसतं गो, मनातलं."

"तसं नाय. आपलं किती दिस उरलेत त्ये बघून सांगतात," असं तिसरीनं सांगितल्यावर मात्र कुणीच हसलं नाही.

मी हसले. मी महाडला मावशीकडे राहून सातवी पास झालेली, म्हणजे कापड्यात मीच कलेक्टर. तिला सूक्ष्मदर्शक म्हणतात, हे मी सगळ्यांना ऐकवलं, पण तेवढा शब्द उच्चारेपर्यंत माणूस चालत पोलादपूरला पोचेल, असं सगळ्यांचं मत पडलं आणि नाव दुर्बीणच राहिलं. खरं सांगायचं तर मीही तसलं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. आमच्या शाळेत एक भिंग होतं, त्यानं उन्हात कागद जाळायचा, एवढंच माझं विज्ञान.

महाराष्ट्र होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. माझं माहेर दासगावचं. तिथं सावित्रीच्या धक्क्याला लाँच लागायची, माणसं यायची-जायची, रोज काहीतरी नवं कळायचं. लग्न होऊन कापड्याला आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, जगात आता काही घडायचंच थांबलंय. घरात मोठी माणसं चार. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. शिवाय जावेचा दहा महिन्यांचा मुलगा. घरातले दोघे भाऊ मुंबईला, थोरले गिरणीत आणि आमचे मालक गोदीत. ते गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. मधल्या काळात शेती, गुरं आणि आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा आम्ही दोघी जावा सांभाळायचो.

आत्याबाईंविषयी सांगायलाच हवं. किडकिडीत बाई, पण आवाज असा की हाक मारली तर नदीपलीकडची गुरं वळायची. तिला आम्हा दोघींचं काहीच पटायचं नाही. भात मऊ झाला तरी बोलणं, मोकळा झाला तरी बोलणं. आणि तिचा खोकला. तो मी आले त्या दिवसापासून ऐकत होते. पहाटे सुरू व्हायचा आणि ऊन वर आलं की थांबायचा. घराचं दार रोज करकरतं म्हणून कुणी त्याकडे लक्ष देत नाही, तसं आम्ही त्या खोकल्याकडे कधी लक्ष दिलं नाही. म्हातारपणाचा खोकला म्हणायचा आणि सोडून द्यायचा.

खोकला मोजला जायचा तो जाऊबाईंचा. बाळंतपणानंतर तिची तब्येत उतरली ती उतरलीच. चुलीपुढे बसली की खोकायची, पाण्याचा हंडा चढावर आणताना मध्येच थांबून श्वास घ्यायची. चोळीच्या बाह्या सैल पडल्या. तसं बघून गावात कुजबुज सुरू झाली. त्या दुखण्याचं नाव तेव्हा कुणी घ्यायचं नाही. मुंबईहून येणारे टीबी म्हणायचे, पण तेही आवाज खाली आणून. आम्ही नुसतं "त्ये दुखणं" म्हणायचो आणि सगळ्यांना कळायचं.

ते दुखणं निघालं की काय होतं, हे आमच्या अंगणातूनच दिसत होतं. समोरच्या घरातली सून दोन वर्षांपूर्वी अशीच खोकायला लागली. तिला माहेरी पोचवलं आणि मुलगी ठेवून घेतली. वर्षाच्या आत ती गेली आणि मुलीला नवी आई आली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण माझं ऐकतंय कोण?

म्हणून मामंजी जेव्हा म्हणाले, "थोरलीचं तपासून घेऊया," तेव्हा जाऊबाईंच्या हातातली परात खाली पडली. मामंजी दुष्ट नव्हते. त्यांची एकुलती मुलगी, आमची नणंद, सोळाव्या वर्षी खोकून खोकून गेली होती, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. आता घरात नातू होता आणि त्याला अंगावर पाजणारी आई खोकत होती. ते शांतपणे म्हणाले, "नाय निघालं तर देवाची कृपा. निघालं तर पोराला हितं ठेवू नि तिला माहेरी पोचवू. दुसरं काय करणार?"

आत्याबाई तेव्हा तांदूळ निवडत होती. ती एक शब्द बोलली नाही. तिनं बोलू नये, हीच मोठी नवलाची गोष्ट होती, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

जाऊबाईंना चालवत नव्हतं, म्हणून मामंजी आणि मी बाटली आणायला पोलादपूरला गेलो. माझी नेमणूक कागद वाचायला. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक तरुण माणूस बसला होता, घाटावरचा, पुण्याकडचं शुद्ध बोलणारा. त्याला सगळे दुर्बीणवाले म्हणत. समोर टेबलावर ती काळी, पितळी, मान वाकवून बसलेली वस्तू. मला वाटलं होतं तोफेएवढी असेल. इतकी लहान बघून मी जरा खट्टू झाले.

त्यानं रुंद तोंडाची काचेची बाटली दिली. "यात बेडका आणायचा. नुसती थुंकी नको. सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, छातीतून ओढून काढलेला बेडका. समजलं?"

सासऱ्यासमोर, परक्या पुरुषाच्या तोंडून, तीनदा बेडका. मी लाजेनं अर्धी झाले. मामंजी छताकडे बघत राहिले. तो मात्र मीठ-मिरची मागावी इतक्या सहज बोलत होता. मग मला म्हणाला, "चिठ्ठीवर नाव लिहा, अक्षर नीट काढा. इथे अक्षर न लागल्यामुळे भलत्याचं दुखणं भलत्याच्या नावावर जायचं." मी माझ्या ठसठशीत सातवीच्या अक्षरात जाऊबाईंचं नाव लिहिलं. मोठ्या अभिमानानं लिहिलं.

माझी नजर सारखी त्या यंत्राकडे जातेय हे त्याला दिसलं असावं. त्यानं मला माझाच एक केस मागितला आणि काचेखाली ठेवून म्हणाला, बघा. एक डोळा मिटून मी वाकले. आधी नुसता उजेड दिसला, मग त्यानं एक चाक फिरवलं आणि उजेडातून एक दोरखंड वर आला. खवले असलेला, जाड, विहिरीला बांधावा असा दोरखंड. मी दचकून डोकं मागे घेतलं आणि डोक्याला हात लावून पाहिला. तसले हजारो दोरखंड मी डोक्यावर घेऊन हिंडत होते आणि मला पत्ताच नव्हता!

घरी येऊन मी सगळ्यांना सगळं सांगितलं, अगदी बेडक्यासकट. "तोंड धुवायच्या आधी?" आत्याबाई म्हणाली. "शी! सरकारला देयाचं नि पारोश्या तोंडानं?" पण तिनं मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. छातीतून म्हणजे कसं, बाटली किती भरायची, झाकण कधी लावायचं. मला वाटलं, म्हातारी सुनेच्या काळजीनं विचारतेय. बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मी उठले तेव्हा बाटली कोनाड्यात तयार होती, फडक्यात गुंडाळलेली. "थोरलीनं दिलाय," आत्याबाई म्हणाली. "जावा लवकर, ऊन व्हईल." जाऊबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

चार दिवसांनी निकाल घ्यायला पुन्हा आम्ही दोघं. दुर्बीणवाल्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "सापडले."

मामंजींचा चेहरा उजळला. सापडलं म्हणजे आमच्याकडे आनंदाचीच बातमी. हरवलेलं वासरू सापडतं, पडलेली नथ सापडते. "काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

"जंतू. क्षयाचे. पुष्कळ आहेत."

मामंजी बाकावर बसले. मला त्या क्षणी रडायला यायला हवं होतं. पण मी कशी आहे ते मला ठाऊक आहे. मी म्हणाले, "मला दाखवा."

त्यानं काचेवर तेलाचा एक थेंब सोडला, नळी त्या थेंबाला टेकवली आणि बाजूला झाला. मी वाकले. सगळीकडे निळं, फिकट निळं. आणि त्या निळ्यात लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या. निळ्या लुगड्यावर बसून कुणीतरी लाल दोरा कातरला असावा आणि त्याचे तुकडे तिथेच राहून गेले असावेत, तसं. कुठे एकटी काडी, कुठे दोन एकमेकींवर आडव्या. हलत नव्हत्या, काही करत नव्हत्या. मला वाटलं होतं राक्षस दिसेल. इतकं सुंदर दिसेल असं नव्हतं वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"लाल कशा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आम्ही लाल रंग देतो. मग तापवतो. मग तेजाबाच्या पाण्यानं धुतो. बाकीचं सगळं रंग सोडून देतं. हे एकटे सोडत नाहीत. म्हणून ओळखू येतात."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. नदीवर जन्मभर कपडे धुतलेल्या बाईला ते लगेच कळतं. कुठला रंग पहिल्या धुण्यात जातो आणि कुठला कितीही आपटलं तरी हटत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. छातीच्या आत, काळोखात, कुणाला न दिसणारी गोष्ट हा माणूस रंगवतो, धुतो आणि ती उरते. मी त्या यंत्रापुढे मनातल्या मनात हात जोडले. एवढं खरं बोलणारं मी तोपर्यंत काही पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मीच सगळ्यांना वर्णन करून सांगितलं. निळं कसं, लाल कसं, काड्या किती. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. समोर जाऊबाई बाळाला घेऊन बसली होती आणि मी तिला तिच्या मरणाची नक्षी समजावून सांगत होते. आत्याबाईनं मध्येच विचारलं, "चुकत नाय त्ये यंत्र?" मी म्हणाले, "आत्याबाई, माणूस चुकेल. ते नाही चुकायचं."

दोन दिवसांनी सकाळी जाऊबाईंना पोचवायचं ठरलं. तिचं माहेर डोंगरावरच्या वाडीत. तिनं एक बोचकं बांधलं. बाळाला शेवटचं पाजू द्यायचं की नाही यावर मामंजींना काही ठरवता येईना, शेवटी ते अंगणात जाऊन पाठ करून उभे राहिले. म्हणजे पाजू दे. मग मी बाळाला घेतलं. ते हात पसरून आईकडे झेपावत होतं आणि असं किंचाळत होतं की समोरच्या घरातली बाई, त्या गेलेल्या सुनेची सासू, दारात येऊन उभी राहिली.

"काहीतरी बोला," मी जाऊबाईंना म्हणाले. "भांडा. रडा. अशा गप्प काय जाताय?"

"काय बोलू?" ती म्हणाली आणि आत्याबाईकडे बघितलं. नुसतं बघितलं.

आत्याबाई ओट्यावर सूप घेऊन पाखडत बसली होती. तिला खोकला आला. पहाटेचा, रोजचा. तो थांबेपर्यंत ती सूप छातीशी धरून वाकून बसली. मग तिनं सूप खाली टाकलं, तांदूळ ओटाभर झाले.

"कुठं नेता तिला?" ती मामंजींना म्हणाली. "त्या बाटलीतला बेडका माझा व्हता."

कुणालाच काही समजेना.

"तिचा नाय, माझा," ती म्हणाली. "तुम्ही तिला धाडाल म्हणून मी माझा दिला. तिला बोलले, तोंडातनं शबुद काढलास तर बघ. म्हाताऱ्या मानसाचा चोख असंल असं वाटलं मला. म्हाताऱ्याला कुठं होतंय त्ये? तरण्यांना होतंय." मग तिनं माझ्याकडे बघितलं. इतका बारीक आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "धाकटे, तू बघितलंस ना? लाल लाल?"

"बघितलं, आत्याबाई."

"मंग त्ये माझं हाय," ती म्हणाली आणि सांडलेले तांदूळ गोळा करायला लागली.

दुर्बीण खरंच बोलली होती. खोटं होतं ते चिठ्ठीवरचं नाव, माझ्या ठसठशीत अक्षरातलं. मी यंत्रापुढे हात जोडले, पण घरातल्या कोपऱ्यात रोज पहाटे कोण खोकतं, याकडे मी दोन वर्षांत कधी कान दिला नव्हता.

त्याच दिवशी आम्ही तिघी बायका, जाऊबाईंसाठी थांबत थांबत, पोलादपूरला निघालो. मामंजींना एकट्यानं बाळ आवरलं नसतं, ते समोरच्या बाईकडे ठेवावं लागलं, दुसरा इलाज नव्हता, आणि ही गोष्ट साधी नव्हती. कारण आत्याबाई आणि ती गेली कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. आमची नणंद गेली ती त्या बाईच्या नजरेनं, असं आत्याबाईनं तेव्हा भर अंगणात सांगितलं होतं. त्यानंतर त्या घरचं पाणी आमच्या घरात कुणी प्यायलं नव्हतं. पण त्या बाईनं आमची अडचण बघितली आणि न बोलता पुढे होऊन बाळ उचलून घेतलं.

वाटेत मी जाऊबाईंना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं. का नाही बोललात?"

"माझ्यासाठी दिला त्यांनी," ती म्हणाली. "नि मी त्यांचंच नाव सांगू?" एवढंच. मला माझ्या सातवीची लाज वाटली.

दुर्बीणवाल्यानं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. रागावेल असं वाटलं होतं, पण रागावला नाही. मग त्यानं दोघींना वेगवेगळ्या बाटल्या दिल्या, समोर बसवून भरायला लावल्या आणि या खेपेला चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. आत्याबाई म्हणाली, "आधीचं दाखव. हिनं बघितलं त्ये."

त्यानं जपून ठेवलेली काच काढली. आत्याबाईला उंची पुरेना, म्हणून जाऊबाईनं तिला स्टुलावर चढवून कमरेला धरलं. तिनं कधी आरशात नीट बघितलं नसेल, एक डोळा मिटायचा कसा तेही तिला येईना. शेवटी मी माझ्या हातानं तिचा डोळा झाकला. तिच्या पापण्या माझ्या तळव्याला लागत होत्या.

खूप वेळ ती वाकून राहिली.

"एवढुशे?" ती म्हणाली.

"एवढेच असतात," दुर्बीणवाला म्हणाला.

"ह्ये माझ्यातनं दुसऱ्याला जातात?"

"जातात, आजी. खोकल्यातून जातात. लहान मुलांना लवकर."

ती डोकं वर न काढताच म्हणाली, "माझी पोर ह्येनंच गेली काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सोळा वर्षांची होती, खोकत होती. तो म्हणाला, "तेव्हा तपासलं नव्हतं. नक्की सांगता येणार नाही. असू शकेल."

"तवापास्नंच खोकते मी," ती म्हणाली. "एका वाकळंत निजायचो आम्ही. थंडी वाजते म्हणायची, मी छातीशी घ्यायची तिला."

मी तिच्या डोळ्यावरचा हात काढला. तळवा ओला होता. मला वाटतं, आयुष्यात मी इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान भोकातून बघणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. आम्हाला दुर्बिणीचा अचंबा वाटायचा तो ती न दिसणारं दाखवते म्हणून. त्या दिवशी कळलं की ती मागचंही दाखवते, पंधरा वर्षांपूर्वीच्या वाकळेच्या आतलं, आणि बघणाऱ्याला ते सोसतं का, हे ती विचारत नाही.

परतताना आत्याबाई समोरच्या दारात थांबली. बाळाला बघून हात पुढे गेले आणि तिनं ते तसेच मागे घेतले. त्या बाईला म्हणाली, "पाणी दे गो. भांडं नको, वरून वत." आणि अंगणात उकिडवी बसून तिनं ओंजळ धरली. ती बाई वरून ओतत राहिली आणि ही पीत राहिली. ओंजळीतून पाणी सांडून लुगडं भिजलं तरी दोघींतलं कुणी थांबेना. बोलणं झालं ते एवढंच. पण गेलेली वर्षं त्यात वाहून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

जाऊबाईंचं चोख निघालं. एकदा नाही, तीनदा. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, चुलीचा धूर आहे, पोटभर जेवू द्या. तिला आजवर कुणी हे औषध दिलं नव्हतं. मामंजींनी त्या दिवशी गाईचं दूध तिच्यापुढे आणून ठेवलं आणि न बोलता बाहेर गेले. माफी मागायची ती त्यांची रीत.

आत्याबाईला मात्र माहेर नव्हतं, आणि असतं तरी तिला पोचवायची कुणाची छाती नव्हती. तिनं आपली सोय आपणच लावली. बाहेरच्या पडवीत बाज टाकून घेतली. ताटाला खूण म्हणून कडेला खिळ्यानं रेघ ओढली. एक डबा राख घालून जवळ ठेवला, त्यातच थुंकायची आणि रोज स्वतः खोल पुरून यायची. सुया टोचून घ्यायला जाऊबाई तिला पोलादपूरला न्यायची. जिला घालवायचं ठरलं होतं, तीच तिचा हात धरून चढ उतरायची. वाटेत आत्याबाई तिला भात कसा मऊ झाला ते ऐकवायची. सुया संपल्यावर गोळ्या सुरू झाल्या. महिनोन्‌महिने मूठभर गोळ्या. सुयांनी कानात घू घू व्हायचं, गोळ्यांनी तोंडाची चव जायची. ती शिव्या द्यायची, पण एक गोळी चुकवली नाही.

गावात आधी गहजब झाला. म्हातारीला कसं निघालं? म्हाताऱ्यांचा खोकला तर सगळ्याच घरांत होता! मग डॉक्टरांनी निरोप धाडला की खोकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनीही बाटली द्यावी. कुणी जाईना. तेव्हा आत्याबाई पडवीतून उठली आणि घरोघरी अंगणात उभी राहून, आत न जाता, ओरडून सांगत फिरली, "लाजता काय रे? बेडकाच देयाचाय, इस्टेट नाय!" त्या आवाजापुढे कुणाची टाप? आणखी काहीजणांच्या छातीत ते सापडलं. ज्यांना वर्षानुवर्षं म्हातारपणाचा खोकला होता त्यांच्याच. हळूहळू बाजाराला जायची वाट पुन्हा दवाखान्यावरून सरळ झाली.

आणि नातू. त्या सकाळपासून आत्याबाईनं त्याला शिवलं नाही. तो रांगायला लागला, मग धरून उभा राहिला, मग चालायला लागला, ते सगळं तिनं अंगणापलीकडून बघितलं. तो तिच्याकडे यायला लागला की ती काठी आडवी धरायची आणि "थोरले, पोर घे," म्हणून ओरडायची. त्याला ती काठी आणि तो आवाज एवढीच आजी ठाऊक. एकदा मी तिला म्हणाले, "आता दुर्बिणीत कमी दिसतात म्हणे, जवळ घेतलंत तर..." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेलं वाक्य गिळलं.

दीड वर्ष होऊन गेलं. दुर्बीणवाल्यानं लागोपाठ काही महिने तपासलं आणि एक दिवस म्हणाला, "आजी, काही नाही. डॉक्टरही म्हणताहेत, बरं आहे."

"दाखव," ती म्हणाली.

आता तिला डोळा मिटता येत होता. ती वाकली. मी विचारलं, "काय दिसतंय, आत्याबाई?"

"काय नाय," ती म्हणाली. तरी बघत राहिली. नुसतं निळं. मी नंतर वाकून बघितलं, इकडून तिकडे निळंच निळं होतं, आणि पहिल्या दिवशी त्या लाल काड्या बघून जेवढी थक्क झाले होते त्याहून जास्त मी ते रिकामं बघून झाले. जो रंग तेजाबानं सुटत नाही, तो या बाईनं आपल्या छातीतून काढला होता.

घरी आलो. मुलगा अंगणात खेळत होता. आत्याबाई काठी दाराशी टेकवून ओट्यावर बसली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "थोरले, दे गो त्याला."

जाऊबाईनं त्याला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. दोन वर्षं उलटून गेलेलं पोर ते, त्याला काही कळेना. ज्या म्हातारीनं जन्मभर काठीनं लांब ठेवलं तिनंच एकदम छातीशी आवळून धरल्यावर त्यानं असा टाहो फोडला की समोरची बाई पुन्हा दारात आली. हातपाय झाडत होता, तिच्या नाकावर गुद्दे मारत होता. मी त्याला घ्यायला पुढे झाले.

आत्याबाईनं मान हलवली. तिनं डोळे मिटले होते, कान त्याच्या छातीला लावला होता आणि तोंडभर हसत होती.

"रडू दे," ती म्हणाली. "छाती चांगली हाय त्याची."